पैसा एकराचा, नाव शेतकऱ्याचं

आयोवा राज्याच्या उत्तरेला कोसुथ नावाची काउंटी आहे. राज्यातल्या ९९ काउंट्यांमध्ये क्षेत्रफळाने सगळ्यांत मोठी. आपल्याकडच्या जिल्ह्यापेक्षा लहान, तालुक्यापेक्षा ऐसपैस. जमीन काळी, सपाट आणि कसदार. नजर जाईल तिथवर मका आणि सोयाबीन, मधूनमधून वराहपालनाच्या लांबलचक शेड. १९४० साली इथे २६ हजारांहून जास्त माणसं राहत होती. २०२०च्या जनगणनेत हा आकडा १५ हजारांच्या आत आला. या ऐंशी वर्षांत वॉशिंग्टनहून शेतकऱ्यांना पैसे आले नाहीत असं एकही दशक गेलं नाही.

माणसं कमी होण्याचं पहिलं कारण यंत्रं, यात वाद नाही. चार कुटुंबांचं काम एक ट्रॅक्टर करू लागला की तीन कुटुंबं शहराची वाट धरतात. पण ‘शेतकरी कुटुंब टिकावं’ या नावाने सुरू झालेल्या अनुदानाने ही गळती का थांबवली नाही, हा प्रश्न उरतोच. अमेरिकेतही तो शंभरदा विचारला गेला आहे. बहुतेक वेळा चर्चा रकमेवर होते: फार दिली की कमी दिली. माझ्या मते खरी गोम रकमेत नाही. पैसा कशाला बांधला आहे, एकराला, पिकाला, नुकसानीला की कसणाऱ्या माणसाला, यावर तो शेवटी कुणाच्या पदरात पडणार हे ठरतं. नव्वद वर्षांच्या अमेरिकी अनुभवाचा आढावा या एका प्रश्नाच्या अंगाने घेतला, की बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

मंदीतली सुरुवात

१९३२-३३च्या हिवाळ्यात आयोवात मका कोळशापेक्षा स्वस्त झाला होता; लोक तो शेगडीत जाळत होते. कर्ज थकलं की शेताचा लिलाव ठरलेला. एप्रिल १९३३मध्ये प्लिमथ काउंटीतल्या ले मार्स गावी संतापलेल्या शेतकऱ्यांनी जप्तीची प्रकरणं चालवणाऱ्या न्यायाधीशाला कोर्टातून ओढून बाहेर काढलं आणि त्याच्या गळ्यात फास अडकवला. न्यायाधीश वाचला, पण काउंटीत लष्करी अंमल लागला. त्यानंतर जेमतेम पंधरा दिवसांनी, १२ मे १९३३ रोजी, अध्यक्ष रूझवेल्ट यांनी ॲग्रिकल्चरल ॲडजस्टमेंट ॲक्टवर सही केली. कृषिमंत्री हेन्री वॉलेस आयोवाचेच होते. शेतीविषयक नियतकालिकाचे संपादक आणि संकरित मक्याच्या धंद्यातले जाणकार.

कायद्याचा हिशेब सरळ होता. माल जास्त झाला म्हणून भाव पडले. तेव्हा पेरा कमी करा, त्याचे पैसे सरकार देईल. त्या वर्षी उभा कापूस सुमारे एक कोटी एकरांवर नांगरून टाकला गेला, साठ लाखांच्या आसपास डुकरं मारली गेली. उपाशी लोकांच्या देशात हे चाललंय म्हणून टीकेची झोड उठली. १९३६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा मोडीत काढला, आणि १९३८ साली तो नव्या रूपात परत आला. किमान आधारभावाचं कर्ज, पेऱ्याचा कोटा, पीकविमा ही सगळी अवजारं त्याच दशकातली.

पैसा कशाला बांधला, याचा पहिला धडाही तेव्हाच मिळाला. दक्षिणेतल्या कापूसपट्ट्यात जमीन मोठ्या मळेवाल्यांची आणि कसणारे हिस्सेदार, गोरे आणि काळे दोन्ही. पेरा कमी केल्याचा चेक मालकाच्या नावे निघे. त्यातला वाटा कुळाला द्यावा असं कागदावर होतं. प्रत्यक्षात पेरा घटला म्हणजे कूळही नको झालं आणि हजारो कुटुंबं जमिनीवरून उठवली गेली. जुलै १९३४मध्ये आर्कान्सामधल्या टायरोन्झा गावी सदर्न टेनंट फार्मर्स युनियन स्थापन झाली, त्या काळात दुर्मीळ अशी काळ्या-गोऱ्यांची एकत्र संघटना. कृषी खात्यातल्या काही वकिलांनी कुळांच्या बाजूने नियम लावायचा प्रयत्न केला, तर फेब्रुवारी १९३५मध्ये त्यांनाच घरी बसवलं. मालकाचा चेक मालकाकडेच राहिला.

बेस एकर आणि काउंटीची सरासरी

पुढच्या साठ वर्षांत योजनांची नावं बदलत गेली. १९९६च्या कायद्याने मोठी घोषणा केली: आता काय पेरायचं ते शेतकरी ठरवेल, सरकार सात वर्षं घटत जाणारी ठरावीक रक्कम देईल आणि मग बाजार. दोन वर्षांत भाव कोसळले आणि काँग्रेसने घटत्या रकमेच्या जोडीला तातडीची मदत वाटायला सुरुवात केली. २००२ साली ‘थेट रक्कम’ कायम झाली. भाव चढो वा पडो, पीक घ्या वा न घ्या, ती मिळे. टेक्सासमध्ये भाताच्या जुन्या वावरांवर बंगले उठले, तरी मागच्या अंगणापोटी घरमालकाला चेक येत राहिल्याचं २००६ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने छापलं. २०१४ साली ही योजना बंद झाली.

तिच्या जागी आजच्या दोन योजना आल्या. एकीत भाव कायद्यातल्या संदर्भभावाच्या खाली गेला की फरक मिळतो. दुसरीत काउंटीचं एकरी उत्पन्न ठरावीक पातळीखाली गेलं की फरक मिळतो. दोन्हींत पैसे मोजले जातात ते ‘बेस एकरां’वर. यंदा काय पेरलं याच्याशी त्याचा संबंध नाही. बेस एकर म्हणजे त्या शेताच्या नावे पूर्वीच्या पेऱ्यावरून नोंदलेलं क्षेत्र. मूळ १९८०च्या दशकातलं, मधे बदलण्याची संधी मिळालेलं. जमीन विकली की बेस जमिनीबरोबर जातो.

दुसऱ्या योजनेचं गणित मांडून पाहू. समजा, एका काउंटीत मक्याचं पायाभूत उत्पादन एकरी २०० बुशेल (धान्याचं तिकडचं माप) आणि पायाभूत भाव ४ डॉलर. म्हणजे एकरी ८०० डॉलर. २०२५च्या कायद्यानुसार हमी त्याच्या ९० टक्क्यांची, म्हणजे ७२० डॉलर. यंदा काउंटीची सरासरी १८० बुशेल आली आणि भाव ३.८० डॉलर निघाला, तर उत्पन्न ६८४. तूट ३६ डॉलर. ती ८५ टक्के बेस एकरांवर मिळते; शंभर बेस एकरांच्या शेतकऱ्याला ३,०६० डॉलर. तेही लगेच नाही, पुढच्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतर.

आता या काउंटीत दोन शेजारी घ्या. एकाच्या वावरावर गारपीट झाली, त्याला १२० बुशेल मिळाले. दुसऱ्याचं रान बचावलं, त्याला २१० मिळाले. दोघांचे बेस एकर सारखे, तर दोघांना रक्कम सारखीच. आणि काउंटीची सरासरी १९५ आली असती, तर गारपीटवाल्याला या योजनेतून छदामही नाही. दुसऱ्या शेजाऱ्याने सगळ्या रानात सोयाबीन पेरलं असतं तरी मक्याच्या बेसवरचे पैसे त्याला मिळालेच असते.

महसूल मंडळाच्या सरासरीवर पीकविमा ठरतो, हे ज्याने अनुभवलंय त्या मराठी शेतकऱ्याला ही तऱ्हा लगेच ओळखू येईल. माझ्या शेतात गुडघाभर पाणी आणि पीक कापणीचा प्रयोग झाला माळावरच्या प्लॉटवर, ही तक्रार भाषा बदलून आयोवातही ऐकू येते. तिथे तिला काउंटीच्या हद्दीचं रूप आहे. २०१४नंतरच्या पहिल्या काही वर्षांत शेजारशेजारच्या काउंट्यांत रस्त्याच्या अलीकडे भरघोस रक्कम आणि पलीकडे शून्य असे प्रकार घडले, कारण उत्पादनाची आकडेवारी सर्वेक्षणातून यायची आणि काही काउंट्यांत प्रतिसाद पुरेसा नसायचा. २०१८च्या कायद्याने विम्याकडची आकडेवारी आधी धरायची असं ठरवून हा दोष कमी केला. पण सरासरीचा जो मूळ स्वभाव आहे तो कायम आहे: खर्च कमी, लबाडीला वाव कमी, आणि खरं नुकसान झालेल्याशी नातंही कमी.

काउंटीचं ऑफिस

हा सगळा कारभार फार्म सर्व्हिस एजन्सीच्या दोन हजारांहून अधिक स्थानिक कार्यालयांतून चालतो. मका-सोयाबीनच्या पट्ट्यात १५ जुलै ही पेऱ्याच्या नोंदीची शेवटची तारीख, त्यामुळे जुलैचे पहिले पंधरा दिवस तिथे आपल्या सेतू केंद्रासारखी वर्दळ. टेबलावर शेताचा हवाई फोटो छापलेला असतो. प्रत्येक तुकड्याला नंबर, बाजूला एकर, दोन दशांशांपर्यंत. शेतकरी बोट ठेवून सांगतो: हा मका, पेरणी अमुक तारखेची, हे सोयाबीन, हा ओढ्याकाठचा गवताचा पट्टा. मग रकाना येतो हिश्श्याचा. जमीन स्वतःची, रोख खंडाने की वाट्याने? वाट्याने असेल तर पिकाच्या प्रमाणात सरकारी पैसाही मालक आणि कसणारा यांच्यात वाटला जातो. रोख खंड असेल तर तो कसणाऱ्याला मिळतो. ई-पीक पाहणीत आणि या कागदात मोठा फरक हाच, की तिथे कसणारा नोंदीत दिसतो.

कार्यालयावर देखरेख करते शेतकऱ्यांनीच निवडलेली काउंटी समिती. मुदत तीन वर्षांची, मतपत्रिका टपालाने. स्थानिक लोकांचे निर्णय स्थानिक लोकांनी घ्यावेत, ही कल्पना चांगलीच. पण गावकीत जो प्रबळ तोच समितीतही प्रबळ, हे सत्य जगात कुठेही बदलत नाही. दक्षिणेत या समित्या जवळजवळ पूर्ण गोऱ्यांच्या होत्या. काळ्या शेतकऱ्याचा कर्जाचा अर्ज पेरणी उलटेपर्यंत पडून राही, नाहीतर निम्म्या रकमेवर मंजूर होई. या भेदभावाविरुद्ध १९९७ साली दाखल झालेल्या पिगफर्ड खटल्यात १९९९मध्ये तडजोड झाली आणि सुमारे शंभर कोटी डॉलर वाटले गेले. उशिरा दावा करणाऱ्यांसाठी २०१०मध्ये आणखी १२५ कोटी डॉलर मंजूर झाले. १९२० साली अमेरिकेत नऊ लाखांहून अधिक काळे शेतकरी होते. आज पन्नास हजारही नाहीत. भरपाई आली ती वरातीमागून घोडं यावं तशी.

शेवटी पैसा कुणाचा?

कायद्याने एका व्यक्तीला वर्षाला किती मिळावं याला मर्यादा आहे. ती सव्वा लाख डॉलर होती, २०२५मध्ये एक लाख ५५ हजार झाली. मात्र ‘शेतीत प्रत्यक्ष गुंतलेला’ या व्याख्येत व्यवस्थापन करणाराही बसतो. भागीदारी संस्थेत जितके भागीदार तितक्या मर्यादा. २०१८च्या कायद्याने पुतणे-भाचे आणि चुलत-मावस भावंडंही कुटुंबात धरली. एन्व्हायर्नमेंटल वर्किंग ग्रुप या संस्थेने सरकारी नोंदींवरून १९९५पासूनची काउंटीवार, नाववार यादीच लोकांपुढे ठेवली. त्यांच्या हिशेबानुसार पिकांवरच्या अनुदानाचा तीन चतुर्थांशांच्या आसपास भाग वरच्या दहा टक्के लाभार्थ्यांकडे गेला. २००७ साली सरकारच्याच लेखा कार्यालयाने दाखवलं की १९९९ ते २००५ या काळात एक लाख ७० हजारांहून अधिक मृत व्यक्तींच्या नावे ११० कोटी डॉलर गेले. त्यातले सगळेच घोटाळे नव्हते, वारसांचे कायदेशीर हक्कही होते. पण तपासणी किती ढिली होती हे दिसलं.

याहून खोल प्रश्न खंडाचा. आयोवातली निम्म्याहून अधिक शेतजमीन खंडाने कसली जाते आणि सुमारे दोन तृतीयांश जमीन पासष्टी ओलांडलेल्यांच्या मालकीची आहे. कित्येक मालक शहरात, कित्येक दुसऱ्या राज्यात. रोख खंडावरच्या जमिनीचा चेक कसणाऱ्याच्या नावे येतो खरा, पण पुढच्या करारात मालकाला ते ठाऊक असतं. अर्थतज्ज्ञ बॅरेट कर्वान यांनी २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अनुदानाच्या डॉलरमागे सुमारे २५ सेंट खंडवाढीतून मालकाकडे जातात असं आढळलं. इतर काही अभ्यासांत हा वाटा जास्त निघतो. म्हणजे सगळंच मालक ओरबाडतो असं नाही, आणि सगळंच कसणाऱ्याकडे राहतं असंही नाही. पण हमीचा पैसा जमिनीच्या किमतीत मुरतो. नव्याने शेती करू पाहणाऱ्या तिशीतल्या तरुणाला त्या वाढलेल्या किमतीला जमीन घ्यावी लागते. आधी आलेल्याला मिळालेलं अनुदान नंतर येणाऱ्याचा खर्च होतो.

आणि फुगलेली जमीन खालीही येते. १९८१ ते १९८६ दरम्यान आयोवातल्या जमिनीचे भाव साठ टक्क्यांहून अधिक कोसळले. तारण म्हणून ठेवलेली शेतं कर्जापेक्षा स्वस्त झाली, गावोगावच्या बँका बुडाल्या. अनुदान तेव्हाही चालूच होतं.

विमा आणि तातडीचे चेक

आजच्या अमेरिकी शेतीचा खरा कणा पीकविमा आहे. विमा खासगी कंपन्या विकतात. हप्त्याचा सरासरी साठ टक्क्यांहून थोडा जास्त भाग सरकार भरतं. विम्याचा दावा बहुतांशी शेतकऱ्याच्या स्वतःच्या उत्पादनावर ठरतो, त्यामुळे वरच्या उदाहरणातल्या गारपीटवाल्याला खरा आधार तोच. नुकसानीला बांधलेला पैसा म्हणून हा प्रकार जास्त न्याय्य. पण इथे लाभाला कमाल मर्यादाच नाही: जितके एकर जास्त, तितकं अनुदान जास्त. कंपन्यांचा प्रशासकीय खर्चही सरकारच सोसतं.

यावर गेल्या सात-आठ वर्षांत तातडीच्या चेकांची भर पडली. २०१८ साली चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं. सरकारने भरपाई जाहीर केली: सोयाबीनला बुशेलमागे १.६५ डॉलर, मक्याला एक सेंट. मकावाले खवळले. पुढच्या वर्षी पिकाऐवजी काउंटीचा दर आला: एकरी १५ ते १५० डॉलर, प्रत्येक काउंटीचा वेगळा, त्या काउंटीत योजनेतली कुठलीही पिकं पेरली तरी तोच. कापसाच्या काउंट्यांचे दर चढे निघाले आणि मध्य-पश्चिमेत कुरबुर सुरू झाली. दोन वर्षांत सुमारे २,३०० कोटी डॉलर गेले. मग कोविड आला. २०२० साली देशभरातली थेट सरकारी रक्कम ४,५०० कोटी डॉलरच्या वर गेली. डिसेंबर २०२५मध्ये पुन्हा १,२०० कोटी डॉलरची मदत जाहीर झाली. ‘तातडीची’ म्हणून दिलेली मदत अशी दरवर्षीची झाली, की पुढच्या हंगामाचा खंड ठरवताना तीही जमेत धरली जाते.

एक योजना मात्र वेगळी उठून दिसते. १९८५पासून धूप होणारी जमीन दहा-पंधरा वर्षं पडीक ठेवून गवत-झाडं लावली तर सरकार वार्षिक भाडं देतं. तिच्यात एक नियम आहे: साधारणपणे कुठल्याही काउंटीतली २५ टक्क्यांहून अधिक पिकाऊ जमीन त्यात जाऊ द्यायची नाही. कारण सगळी वावरं पडीक झाली तर बियाण्याचं दुकान, धान्याचं गोदाम, ट्रॅक्टरची दुरुस्ती हे सगळं बसेल. शेताच्या बांधापलीकडच्या गावाचा विचार करणारी तरतूद अमेरिकी शेतीकायद्यात फार थोड्या ठिकाणी सापडते. ही त्यातली एक.

दुसरी बाजू

अनुदानाचे समर्थक सगळेच लाभार्थी नाहीत आणि त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखंही नाही. मोठी शेतं जास्त पिकवतात, म्हणून त्यांना जास्त मिळतं. मक्याचा भाव शिकागोत ठरतो, शुल्कयुद्ध वॉशिंग्टन सुरू करतं. शेतकऱ्याच्या हातात दोन्ही नाही. हमी असल्याशिवाय बँक पेरणीला कर्ज देत नाही. आणि चेक आला की तो काउंटीतच फिरतो, यंत्राच्या दुकानात, शाळेच्या करात. हे सगळं खरं धरूनही एक उत्तर मिळत नाही: धोका जर कसणारा घेतो, तर हमी जमिनीला का?

त्याचं उत्तर राजकारणात आहे. एकराची नोंद पक्की असते, मोजता येते, तिला मतदारसंघ असतो. शिवाय शेतीकायद्याच्या खर्चाचा सर्वांत मोठा भाग गरिबांच्या अन्नसाहाय्यावर जातो. शहरी खासदार त्यासाठी आणि ग्रामीण खासदार अनुदानासाठी एकमेकांना मत देत आले. ही मोट बांधलेली असेपर्यंत कुणी मूळ रचनेला हात लावत नाही.

आपल्यापर्यंत

या पैशाची झळ विदर्भापर्यंत पोचते. अमेरिकेच्या कापूस अनुदानाने जागतिक भाव पडतात अशी तक्रार ब्राझीलने २००२ साली जागतिक व्यापार संघटनेत केली, ती जिंकली, आणि २०१४मध्ये अमेरिकेने ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. त्या पैशातला एक डॉलरही यवतमाळच्या किंवा पश्चिम आफ्रिकेच्या कापूसवाल्याला मिळण्याचा प्रश्न नव्हता. ऑगस्ट २०२५मध्ये भारताने कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क काही महिन्यांसाठी उठवलं, तेव्हा इथला शेतकरी पुन्हा त्याच अनुदानित गाठींच्या समोर उभा राहिला.

पण रचनेचा धडा भावापेक्षा मोठा आहे. पीएम-किसानचे वर्षाला ६,००० रुपये सातबाऱ्यावर नाव असलेल्या कुटुंबाला मिळतात. त्याच्यात पेऱ्याची, नुकसानीची, मर्यादेची भानगड नाही, एकराच्या प्रमाणात वाढही नाही. अमेरिकेपेक्षा ही रचना पुष्कळ समन्यायी आहे. तरी गाठ जमिनीच्या कागदालाच. कूळ कायद्याच्या धास्तीने आपल्याकडे बटईचा आणि ठोक्याचा व्यवहार तोंडी चालतो. कूळ लागेल म्हणून मालक कागद करत नाही आणि कागद नाही म्हणून सरकारच्या लेखी कसणारा अस्तित्वात नाही. आयोवात हिश्श्याचा रकाना तरी आहे, आणि तो असूनही पैशाचा काही भाग खंडातून निसटतो. आपल्याकडे रकानाच नाही.

तेव्हा कुठलीही शेती मदत योजना वाचताना आकड्याआधी तीन गोष्टी पाहाव्यात. पैसा कशाला बांधला आहे. सरासरी घेतली असेल तर ती किती लहान क्षेत्राची आहे आणि आकडे उघडे आहेत का. आणि कसणाऱ्याची नोंद कुठे आहे. बटईच्या करारातून कूळहक्क लागणार नाही अशी कायदेशीर हमी देऊन कसणाऱ्याची हंगामी नोंद सुरू करणं हे यातलं पहिलं आणि सर्वांत स्वस्त काम आहे. ते होत नाही तोवर रक्कम वाढवून फारसं साधत नाही. नमो शेतकरी योजना आली आणि महाराष्ट्रात ६,००० चे १२,००० झाले. पण सातबाऱ्यावर नाव नसलेल्या बटईदाराला आधीही शून्य मिळत होतं, आताही शून्यच मिळतं.